आधी दिवस ठरवा, मग रूळ टाका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा पन्नास-साठच्या दशकात मोडनिंबला सांधेवाले, म्हणजे गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे, होते. घरात त्यांचे चार फोटो आणि एक शिट्टी आहे. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये तुम्हाला कुर्डुवाडी ते पंढरपूर ही अख्खी लहान लाईन (नॅरोगेज) मॉडेलमध्ये उभी करायची आहे आणि पुढच्या डिसेंबरात मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनात मांडायची आहे. कुठला स्केल घेऊ, जागा किती लागेल, इंजिन कुठून आणू?

अख्खी लाईन विसरा. कुर्डुवाडी-पंढरपूर अंतर पन्नास किलोमीटरच्या वर भरतं. 1:87 या स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात, त्याचा रूळ पावणेसहाशे मीटर होतो, म्हणजे तुमच्या सोसायटीला दोन-तीन प्रदक्षिणा. हे ऐकून लोक ‘मग कुर्डुवाडी आणि पंढरपूर ही दोन टोकं दाखवतो, मधलं गाळतो’ म्हणतात. मीही तेच केलं होतं. दोन स्टेशनं चार फुटांवर शेजारी शेजारी आली की दोन्ही खोटी दिसतात. तुमच्याकडे मोडनिंब आहे, आजोबा तिथले आहेत, तेवढं पुष्कळ आहे. एक स्टेशन करा. स्टेशनाच्या अलीकडचं एक शेत, पलीकडचा एक ओढा, बस्स.

आणि स्केलचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तुमची लाईन जिचा फाटा होती त्या बार्शी लाईट रेल्वेचं मॉडेल मी गेली बावीस वर्षं करतोय. तीनदा बांधलं, दोनदा मोडलं. दोन्ही वेळा मोडण्याचं कारण एकच होतं: मी लाईन ठरवली होती, दिवस नीट ठरवला नव्हता. ‘जुन्या काळातली बार्शी लाईट’ असं मॉडेल होत नाही. कुठला महिना, सकाळ की दुपार, कुठलं साल, हे कागदावर लिहून भिंतीला लावा. त्यातून निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

साल का महत्त्वाचं, ते सांगतो. ही लाईन सरकारची नव्हती. लंडनमध्ये नोंदवलेल्या बार्शी लाईट रेल्वे कंपनीची होती. पहिला तुकडा 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी असा सुरू झाला; तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या कुर्डुवाडी स्टेशनाचं नावच बार्शी रोड होतं. तुमचा पंढरपूरचा फाटा 1906 चा. लातूर 1911 ला जोडलं गेलं आणि मिरज 1927 ला. सरकारने कंपनी ताब्यात घेतली 1 जानेवारी 1954 रोजी. म्हणजे आजोबा 53 साली नोकरीत असतील तर वाघिणींवर कंपनीची अक्षरं येतील आणि 58 साली असतील तर मध्य रेल्वेची. पुढे सोलापूर विभाग 1966 ते 1977 दक्षिण मध्य रेल्वेत होता, त्यामुळे सत्तरच्या दशकातला दिवस निवडलात तर आणखी वेगळी अक्षरं. दोन मिलिमीटरची अक्षरं कोण वाचणार, असं वाटेल. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात हयात घालवलेला माणूस वाचतो. चष्मा कपाळावर सरकवून, नाक डब्याला टेकवून वाचतो आणि मग मान वर करून तुमच्याकडे बघतो.

महिना तर सालाहून महत्त्वाचा. फेब्रुवारीत ज्वारी काढणीला आलेली, शेत पिवळं. एप्रिलमध्ये काळी जमीन भेगाळलेली, बांधावर कडब्याच्या गंज्या. आषाढात ढग भरून आलेले, पण माळ अजून अर्धाच हिरवा, कारण तो कमी पावसाचा मुलूख. कार्तिकीला ज्वारी गुडघ्याएवढी. मुंबईत वाढलेला माणूस गावाकडचं मॉडेल करायला बसला की हात आपोआप कोकणाकडे वळतो. डोंगर, माड, हिरवंगार. माझ्या पहिल्या मांडणीत कुर्डुवाडीला नारळ होते. हसू नका, तुमच्याकडूनही होईल.

दुसऱ्या मांडणीच्या वेळी मी दिवस ठरवला, पण अर्धवट. आषाढीच्या आदल्या दिवशीची गाडी केली. फलाटावर वारकरी, पताका, टाळ, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया, सगळं मन लावून. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये मांडली होती. नऊवारीतल्या एक आजी बराच वेळ गाडी येताना-जाताना बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘ही कसली आषाढीची गाडी? टपावर कुणीच नाही.’’ त्या लहानपणी वडिलांबरोबर टपावर बसून पंढरपूरला गेल्या होत्या. मी घरी आलो आणि पुढच्या महिन्याभरात टपावर साठ माणसं चिकटवली.

आता यातली तांत्रिक गोष्ट ऐका. आर्किटेक्ट लोक इमारतींच्या मॉडेलला ज्या प्लास्टिकच्या बाहुल्या लावतात, त्या जेमतेम दोन सेंटिमीटरच्या असतात. त्यांना टिश्यू पेपर आणि फेविकॉलने धोतर-फेटा करता येतो. एकेकीचं वजन नगण्य. पण डबाच मुळात तीस-चाळीस ग्रॅमचा आणि रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. टपावर वीस-वीस बाहुल्या बसवल्यावर पहिल्याच वळणाला तिन्ही डबे, वारकऱ्यांसकट, शेतात. उपाय दोन केले. बाहुल्या काढून माणसं कागदाच्या लगद्याची केली आणि डब्याच्या तळाला, बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या जोडगाड्यांच्या) मधोमध, मासे धरायच्या जाळ्याला लावतात तसल्या शिशाच्या गोळ्या चपट्या करून बसवल्या. शिसं हाताळलं की हात धुवा आणि वरून रंगाचा थर द्या. मुलं डबे हातात घेतात. या भानगडीचा फायदा असा झाला की माझे डबे तेव्हापासून रूळ सोडत नाहीत. हलका डबा हे नॅरोगेज मॉडेलमधलं निम्मं दुखणं आहे.

वजनाचा विषय निघालाच आहे तर या लाईनचा जीव कशात आहे तेही सांगून टाकतो, कारण त्यावर तुमचे रूळ ठरणार आहेत. ही लाईन एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरची. तो आधी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत नोकरीला होता. त्याचा हिशोब सरळ होता. गावाकडच्या लाईनला महागडा रूळ परवडत नाही, मग रूळ हलका ठेवू आणि कुठल्याच चाकजोडीवर पाच टनांहून जास्त भार येऊ देणार नाही. रूळ यार्डाला 30 पौंडांचा, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, प्रत्येकाला तीच पाच टनांची मर्यादा. म्हणून सुरुवातीची लीड्सच्या किटसन कंपनीची इंजिनं दिसायला एवढीशी, पण खाली एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार. भार जास्त चाकांवर वाटून टाकायचा. हे सामान हिंदुस्थानात पाठवण्याआधी कॅलथ्रॉपने लीड्सजवळ न्यूले इथे खास चाचणीचा रूळ टाकून ते चालवून दाखवलं. म्हणजे तुम्ही डिसेंबरात जे करणार आहात ते या लाईनने कुर्डुवाडीला पोहोचण्याआधीच केलेलं आहे. (हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला. त्याचा मित्र रोल्स, रोल्स-रॉइसमधला, 1910 मध्ये विमान कोसळून गेला, त्यानंतर. पहिल्या महायुद्धात त्याचं ‘गार्डियन एंजल’ वापरलंही गेलं. मॉडेलशी याचा संबंध नाही, पण मला हा माणूस आवडतो.)

तर, स्केल. 762 ला 87 ने भागा, 8.76 येतं. बाजारात एन गेज नावाच्या छोट्या तयार मॉडेलचा रूळ नऊ मिलिमीटरचा मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. म्हणून 1:87 घ्या आणि नऊ मिलिमीटरचा रूळ वापरा. ब्रिटिश लोक 1:76 वर तोच रूळ वापरतात, त्यांच्याकडे सामानही भरपूर मिळतं, पण त्या हिशोबाने गेज सव्वादोन फूट होतं. आपल्या लाईनला ते थोडं चिमटल्यासारखं दिसतं. 1:87 चा आणखी एक फायदा म्हणजे माणसं, बैल, सायकली या मापात सहज मिळतात.

मात्र एन गेजचा साधा रूळ आणून टाकू नका. त्याच्या स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) मोठ्या लाईनच्या मापाने केलेल्या असतात, बारीक आणि जवळजवळ. नॅरोगेजसाठी केलेला वेगळा रूळ मिळतो, पेको वगैरे कंपन्यांचा, त्यात स्लीपर रुंद आणि एकमेकींपासून दूर दूर असतात. दुसरं, रुळाची उंची. ती ‘कोड’ने सांगतात, इंचाच्या हजाराव्या भागांत; नेहमीचा कोड 80 रूळ दोन मिलिमीटर उंच असतो. त्याला 87 ने गुणा: 177 मिलिमीटर. आज राजधानी ज्या रुळावरून धावते तो 172 चा आहे! आणि बार्शी लाईटचा 30 पौंडी रूळ जेमतेम तीन इंचांचा होता. कोड 55 मिळाला तर तो घ्या. कोड 40 चा रूळ घेऊन लाकडी पट्ट्यांवर हाताने टाकलात तर माप खऱ्याच्या बरंच जवळ जातं, पण पहिल्या मांडणीला ते धाडस नको. कोड 55 ला बाजूने गंजाचा तपकिरी रंग दिला की तो आणखी बारीक दिसतो. खडी कमीच पसरा. मोठ्या लाईनसारखा खडीचा देखणा ढीग केलात की लाईन लगेच श्रीमंत दिसायला लागते.

कुर्डुवाडीचा मोह टाळा म्हणालो त्याला हेही एक कारण आहे. तिथे शेजारी मोठी लाईन दाखवावी लागते. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, 1:87 ला 19.3. बाजारातला एचओचा, म्हणजे 1:87 च्या तयार मॉडेलचा, रूळ 16.5 चा, तो युरोपच्या गेजचा. म्हणजे एक तर सगळा हाताने टाका, नाही तर प्रेक्षकांतल्या एखाद्या लोको पायलटचे टोमणे खा. मी दोन्ही केलं आहे.

इंजिनाबद्दल माझं मत पुष्कळांना पटत नाही. पहिलं इंजिन डिझेलचं करा. आठ जोडचाकांचं वाफेचं इंजिन दहा सेंटिमीटरच्या आत बसवून, ते हळू चालवून, दिवसभर चालतं ठेवणं हे पाचव्या वर्षीचं काम आहे. डिझेल म्हणजे खाली दोन बोगी आणि वर खोकं. काटो या मॉडेल कंपनीच्या छोट्या तयार चेसिस मिळतात, वरचं खोकं थ्रीडी प्रिंटरवर करून घ्या. पण तुमचे आजोबा पन्नास-साठच्या दशकातले, तेव्हा डिझेल दाखवलं तर दिवस खोटा पडेल, ही अडचण मला कळते. मग असं करा. एन गेजमधलं आठ जोडचाकांचं तयार वाफेचं इंजिन, जुनं, सेकंडहँड, फक्त चालतंय ना एवढं बघून घ्या आणि त्यावर तुमचं खोकं चढवा. चाकांचा घेर मोठा असेल तर ती खालच्या पट्टीआड लपवा. हुबेहूब होणार नाही. लांबून बार्शी लाईटचं वाटेल आणि दिवसभर चालेल. प्रदर्शनात हुबेहूबपेक्षा चालणं मोठं. बंद पडलेलं सुंदर इंजिन घेऊन मी एक अख्खा रविवार स्टुलावर बसून काढला आहे. येणारा प्रत्येक जण विचारत होता, ‘‘काका, लाईट गेली का?’’

आता जागा. खोलीचं माप घेण्याआधी तुमच्या इमारतीच्या लिफ्टचं माप घ्या. माझा पहिला पाट सहा फूट बाय तीन फूट होता, घरात झकास बसला. प्रदर्शनाच्या दिवशी तो लिफ्टमध्ये जाईना. सहाव्या मजल्यावरून जिन्याने, प्रत्येक वळणावर तिरका करत उतरवला. तिसऱ्या मजल्यावर स्टेशनमास्तरांचं घर गेलं आणि पहिल्या मजल्यावर सिग्नल. आता माझे सगळे पाट 90 सेंटिमीटर बाय 45 चे असतात. एक माणूस काखेत घेऊन उतरू शकतो, छोटा हत्ती टेम्पोत आडवे सहा मावतात आणि घरात दिवाणाखाली सरकतात.

तुम्हाला असे तीन पाट दिसणारे आणि दोन्ही बाजूंना साठ-साठ सेंटिमीटरच्या विंगा लागतील. विंग हा शब्द मी नाटकातून घेतला आहे, कारण काम तेच. गाडी रंगमंचावरून गेली की विंगेत थांबते, फिरते, डबे बदलते आणि पुन्हा प्रवेश करते. विंगेत सांध्यांचं जाळं करू नका. स्लायडिंग खिडक्यांवाल्याकडून ॲल्युमिनियमची एल पट्टी आणा, दोन पट्ट्या नऊ मिलिमीटर अंतर ठेवून लाकडावर चिकटवा, झाली गाडी ठेवायची ताटली. इंजिन आणि तीन डबे त्यात पन्नास सेंटिमीटरमध्ये मावतात. ताटली उचलून फिरवली की गाडी परतीला तयार, डब्यांना हात लावायला नको. एकूण लांबी 3.9 मीटर झाली. एवढी भिंत तुमच्याकडे नसेल. घरी दोन-दोन पाट जोडून काम करा आणि महिन्यातून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गच्चीवर सगळे जोडून बघा. गच्चीवर वारा नसलेली संध्याकाळ निवडा, ज्वारी उडते.

पाट कशाचा? बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय, खाली त्याच प्लायच्या पट्ट्यांची चौकट. स्वस्त प्लाय मुंबईत पावसाळ्याला दाद देत नाही. जुलैत हवा इतकी ओली असते की लाकूड फुगतं, ऑक्टोबरात आकसतं, आणि रूळ बिचारा मध्ये सापडतो. डिसेंबरात सरळ दिसलेला रूळ जुलैत साप झालेला मी पाहिला आहे. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कापलेल्या कडांना प्रायमर आणि वर व्हार्निश द्या. लोक फक्त वरची बाजू रंगवतात आणि मग पाट पत्रावळीसारखा वळतो. रुळाच्या प्रत्येक जोडावर अर्धा मिलिमीटर फट सोडा. रूळ निकल सिल्व्हरचाच घ्या. पितळेचा काळवंडतो आणि लोखंडी तर आपल्या खाऱ्या हवेत एका मोसमात गंजतो. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनी सुती बनियन. पॉलिश पेपर कधीच नको, ओरखड्यात मळ बसतो.

दोन पाट जिथे जुळतात तिथेच सगळ्या गाड्या घसरतात. प्रदर्शनातल्या मांडणीचा जीव तिथे आहे, म्हणून यावर वेळ घालवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सर्किट बनवायची तांब्याच्या थराची कोरी पट्टी मिळते. तिचा तुकडा पाटाच्या कडेला स्क्रूने पक्का बसवा, रूळ त्याला डाग देऊन जोडा आणि मग दोन रुळांमधलं तांबं करवतीने चिरा, नाही तर शॉर्ट. पाट एकमेकांत बसवायला दाराची बिजागरी, जिची खिळी काढता येते ती. खिळी घातली की पाट दर वेळी त्याच जागी येतो. आधी पाट जोडा, मग सलग रूळ टाका, मग जोडावर रूळ कापा. उलट क्रमाने केलंत तर ते कधीच जुळणार नाहीत, हे मी लिहून देतो.

वायरिंग साधं ठेवा. एका वेळी एक गाडी, त्यामुळे 12 व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर पुरे. डिजिटलची चैन नंतर. पाटाखालून जाड वायरची जोडी न्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यावरून बारीक वायर द्या. रुळाच्या जोडपट्टीवर विजेसाठी विसंबू नका. पाटापाटामधले प्लग असे घ्या की उलटे बसणारच नाहीत, कारण प्रदर्शनाच्या सकाळी साडेआठला, चहा झालेला नसताना, तुम्ही ते उलटे बसवणार.

देखाव्याच्या बाबतीत मुंबईकराला कुणी शिकवायला नको, आपण दर वर्षी मखरं करतो. फक्त थर्माकोल सोडा. राज्यात 2018 पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे आणि नसती तरी तो प्रदर्शनात कडेकडेने दाणे सोडतो. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, वर कागदाचा लगदा आणि शाडू, हे हलकं आणि पुरेसं मजबूत होतं. तसंही तुम्हाला डोंगर करायचाच नाही. सोलापूरचा माळ सपाट असतो आणि सपाट जमीन जिवंत दाखवणं डोंगरापेक्षा अवघड. अर्धा सेंटिमीटरचा उतार, एक ओढ्याची घळ, एक बांध एवढ्यावर भागवायचं आहे.

माती खरी वापरायची इच्छा होईल. मोडनिंबला जाऊन पिशवीभर आणाल. आणा, पण दोन गोष्टी. ती दख्खनच्या काळ्या दगडाची माती आहे, तिच्यात चुंबकाला चिकटणारे लोहाचे कण असतात. ते रुळावरून इंजिनाच्या मोटरीत शिरतात आणि मोटर मरते. माती मलमलीतून चाळून पसरा आणि तिच्यावरून चुंबक फिरवत राहा, चुंबकावर काळी मिशी यायची थांबेपर्यंत. दुसरं, गोंद लागला की काळी माती डांबरासारखी दिसते आणि हॉलच्या ट्यूबलाइटखाली तिथे नुसतं भोक पडल्यासारखं वाटतं. राखाडी आणि थोडा तपकिरी रंग मिसळून ती उजळ करा. मॉडेलमध्ये सगळे रंग खऱ्यापेक्षा फिके लागतात.

उभी ज्वारी सुतळीची. सुतळी उसवून, हिरवट-पिवळी रंगवून, अडीच सेंटिमीटरचे झुबके रांगेने लावा. माणसाच्या डोक्यावरून जाणारं पीक या मापात तेवढंच येतं. काढलेल्या शेताच्या सडासाठी जुन्या ब्रशचे केस. बाभळीला जुन्या केबलमधली तांब्याची तार पिळून खोड आणि फांद्या करा, वर रंगवलेला बारीक भुसा, तोही विरळ. बाभळीतून पलीकडचं दिसलं पाहिजे. गच्च केलीत की ती आंबा होते.

स्टेशनाचा नकाशा कसा मिळवाल? आधी आजोबांचे फोटो, माणसांच्या मागे काय दिसतं ते भिंगाने बघा. मग मोडनिंबला जा आणि सत्तरीच्या पुढच्या माणसांना पारावर गाठा. ‘स्टेशन कसं होतं’ असं विचारू नका, ‘छान होतं’ एवढंच उत्तर येतं. कागदावर चुकीचा नकाशा काढून दाखवा. लगेच तिघं जण पेन्सिल हिसकावून घेतात. लाईनचा जुना मार्ग अमेरिकन लष्कराच्या पन्नासच्या दशकातल्या 1:250,000 नकाशांवर दिसतो. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. त्यातून स्टेशनाची रचना कळणार नाही, पण लाईन कुठून कशी वळत होती ते कळेल. आणि एकदा पुण्याला कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून या. ते 1998 पासून लोकांना दाखवलं जातंय. तिथलं शहर कल्पनेतलं आहे, तुमच्या माळाशी त्याचं नातं नाही. तुम्ही गाड्यांकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघा: माणसं कुठे पुढे वाकतात, मुलं कधी चुळबुळायला लागतात.

प्रदर्शनात पाट जमिनीपासून एक मीटरवर ठेवा. त्याहून खाली ठेवला तर सगळं विमानातून बघितल्यासारखं होतं. लहान मुलांसाठी पुढे बाकडं. समोर वीतभर उंच ॲक्रिलिकची पट्टी लावा. ‘हात लावू नये’ ही पाटी आपल्याकडे आमंत्रण समजली जाते. मागे साध्या आकाशी रंगाचं कापड, त्यावर ढग रंगवण्याच्या फंदात पडू नका. दिवे वरून आणि पुढून द्या, पिवळसर. मागून दिला की गाडीची फक्त सावली दिसते.

वेग हा वादाचा मुद्दा होणार आहे. लहान लाईन ताशी 24 किलोमीटरने चालली असं धरलं तर 1:87 ला सेकंदाला साडेसात सेंटिमीटर होतात. तुमचे तीन पाट पार करायला छत्तीस सेकंद, स्टेशनात थांबली तर दोन मिनिटं. मुंबईत हे कुणाला सहन होत नाही. ‘‘ये इतना स्लो क्यूं है भाई?’’ हे तुम्ही दिवसातून पन्नासदा ऐकाल. वाढवू नका. मात्र रंगमंच रिकामा ठेवू नका. गाडी गेली की लगेच फाटक उघडू द्या, बैलगाडी दिसू द्या, काही तरी घडत राहू दे. पाऊण मिनिटापेक्षा जास्त काहीच घडलं नाही की माणसं पुढच्या टेबलाकडे निघतात. दर अर्ध्या तासाने इंजिन बदला आणि पहिल्याला गार होऊ द्या, म्हणजे इंजिनं दोन लागतील. चालवायला माणसंही दोन: एक विंगेत, एक पुढे लोकांशी बोलायला. दोन्ही कामं एकाच माणसाने केली की गाडी तरी घसरते, नाही तर तो तरी.

मुलांना बटण द्या. प्रदर्शनातली सगळी मुलं गाडी सुरू करायचं बटण मागतात. ते देऊ नका, दहा मिनिटांत मोटर जळते. तुमच्याकडे त्याहून चांगलं आहे. आजोबा सांधेवाले होते, तर सांध्याचा खटका द्या. पाटाच्या पुढच्या बाजूला हातात मावेल असा लाकडी दांडा, तिथून तारेने सांधा ओढायचा, मोटर नाही, काही नाही. सांध्याबरोबर एक मायक्रोस्विच हलवा आणि त्याने सांध्याच्या अलीकडच्या वीतभर रुळाची वीज तोडा-जोडा. सांधा चुकीचा असला की गाडी अलीकडेच उभी राहते, घसरत नाही. मुलाला दांडा ओढावा लागतो तेव्हा ती आत येते. माझ्या तिसऱ्या मांडणीत हे आहे. एका मुलाने दांडा मुद्दाम उलटा धरून ठेवला आणि गाडी सात मिनिटं स्टेशनाबाहेर उभी केली. मागे रांग लागली, सगळे ओरडायला लागले. त्याने शेवटी सोडला तेव्हा टाळ्या पडल्या.

वेळापत्रक म्हणाल तर पावसाळ्याआधी पाट आणि रूळ पुरे करा, पण चिकटवू नका. एक पावसाळा त्यांना घरात काढू द्या. ऑक्टोबरात काय हललं ते बघा, मग पक्कं करा आणि देखावा दसऱ्यानंतर. डिसेंबरात मांडायचंच असेल तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर नवीन काहीही करायचं नाही, फक्त चालवायचं, रोज संध्याकाळी तासभर, आणि कुठे घसरते ते खडूने खूण करून ठेवायचं.

आणि ते चार फोटो स्कॅन करून मला पाठवा. आजोबांच्या हातात झेंडा आहे की कंदील, तेवढं मला आधी बघायचंय. कंदील असला तर दिवस पहाटेचा किंवा संध्याकाळचा धरावा लागेल आणि दिव्यांचं सगळं गणित बदलेल.